नोबिताच्या शेतात सावकार का नाही?

१/ २०१९ साली नोबिता शेतकरी झाला. 'डोरेमॉन स्टोरी ऑफ सीझन्स' हा व्हिडिओ गेम त्या वर्षी जूनमध्ये जपानमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जगभर आला. नोबिता सापडलेले एक बी रुजवतो, त्याचा प्रचंड वृक्ष होतो आणि वादळ त्याला व त्याच्या सवंगड्यांना एका अनोळखी गावात नेऊन टाकते. तेथे नोबिताच्या वाट्याला शेती येते. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) तालुक्याचा इतिहास समजून घ्यायला हा खेळ उपयोगी पडतो, हे विधान विचित्र वाटेल. पण ते तपासून पाहण्यासारखे आहे.

२/ खेळाचे नियम सोपे आहेत. जमीन साफ करावी, बी पेरावे, रोज पाणी द्यावे, पीक काढावे. माल पेटीत ठेवला की ठरलेल्या भावाने पैसे जमा होतात. पाऊस आला तर पाणी देण्याचे कष्ट वाचतात. गावकऱ्यांशी स्नेह जोडावा, सणांत सामील व्हावे, गुरे पाळावीत. श्रम केले की फळ मिळते, हे या जगाचे मूलतत्त्व होय.

३/ ही खेळमालिका जपानमध्ये १९९६ साली सुरू झाली. तिचे निर्माते यासुहिरो वादा यांचे बालपण क्युशू बेटावरच्या ग्रामीण भागात गेले. टोकियोत आल्यावर मागे राहिलेल्या गावाची जी ओढ वाटली, तिच्यातून हा खेळ सुचला, असे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे नोबिताचे शेत हे शेतकऱ्याचे नसून गाव सोडून गेलेल्या माणसाच्या आठवणीतले शेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची खेडी ओस पडून शहरे फुगली. त्या स्थित्यंतराचे हे साधन म्हणून वाचता येते.

४/ इतिहासाच्या अभ्यासकाने साधनात काय आहे याइतकेच काय गाळले आहे हेही पाहावे. या शेतात सारा नाही, सावकार नाही, दूरदेशीच्या बाजारात कोसळणारा भाव नाही. हे शब्द वगळून वर्धा जिल्ह्याचा इतिहास लिहू गेल्यास पान कोरेच राहील.

५/ वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. कारंजा तेव्हा आर्वी तहसिलीत होते. अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) पेटलेले होते. तिकडचा कापूस अडल्याने लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानाकडे तोंड वळवले. हिंगणघाटचा कापूस आधीपासूनच नावाजलेला होता. १८६६ साली वर्धा शहर वसले आणि १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. काळ्या मातीतले बोंड थेट लिव्हरपूलच्या भावाला बांधले गेले.

६/ युद्ध संपताच १८६५ साली भाव गडगडले. त्याच दशकातल्या बंदोबस्ताने मध्य प्रांतात मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क दिले. जमीन विकता येऊ लागली, म्हणून ती गहाण पडू लागली; गहाण पडू लागली, म्हणून कर्जात जाऊ लागली. सावकार पूर्वीही होता, मात्र आता त्याच्या हातात कागद आणि पाठीशी न्यायालय आले. मालगुजारी १९५१ साली संपली. भाव दूर कुठे तरी ठरावा आणि तोटा बांधावर यावा, ही रीत मात्र संपली नाही.

७/ आता कारंज्याची संत्री पाहा. खेळात रोज पाणी दिले की पीक येते. संत्र्याच्या बागेत नेमके उलटे करावे लागते. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. तेव्हा कुठे फूल येते. ताण कमी पडला तर बहार फसतो, जास्त झाला तर झाड खचते. किती दिवस ताण द्यायचा हे जमीन हलकी की भारी यावर ठरते. शिवाय कलम लावल्यावर पहिल्या खऱ्या उत्पन्नासाठी पाचसहा वर्षे थांबावे लागते. ही विद्या पिढ्यांच्या निरीक्षणातून आली आहे, आणि तिचा इतिहास अजून नीट लिहिला गेलेला नाही.

८/ गुरांचेही तसेच. गवळाऊ हे याच भागाचे गोवंश. पांढऱ्या रंगाची, चपळ चालीची ही जनावरे मराठ्यांच्या सैन्याच्या वाहतुकीसाठी जोपासली गेली, अशी परंपरा आहे. कारंजा तालुक्यातच हेटीकुंडी येथे या गोवंशाचे सरकारी पैदास केंद्र आहे. नोबिताच्या गोठ्याइतकेच रंजक, आणि त्याहून कितीतरी जुने कथानक येथे दाराशी बांधलेले आहे.

९/ आता सर्वांत अवघड भाग. २००५ च्या सुमारास डोरेमॉन हिंदीतून भारतीय घरांत पोचला. विदर्भातल्या आजच्या पंचविशीतल्या पिढीने शाळेतून आल्यावर तो पाहिला. त्याच काळात विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या देशभर पोचत होत्या. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. एकाच ओसरीवर दूरदर्शन संचात नोबिता हसत होता आणि बाजूला मोठी माणसे कर्जाचा हिशेब करीत होती. या पिढीच्या इतिहासात दोन्ही गोष्टी येतात. एक वगळून दुसरी सांगता येणार नाही.

१०/ मग हा खेळ खोटा म्हणून टाकून द्यावा काय? तसे म्हणणे उथळ ठरेल. खेळ विसाव्यासाठी असतो. दिवसभर बांधावर राबलेल्या घरातल्या मुलाने संध्याकाळी पुन्हा कर्जाचाच हिशेब खेळावा, अशी अपेक्षा निर्दय आहे. दुसरे असे, की हा खेळ शेतीच्या कामाला प्रतिष्ठा देतो. आपल्याकडे हुशार मुलाला 'शेतीत पडू नकोस' हाच पहिला उपदेश मिळतो. परक्या देशातल्या खेळाने दिलेला हा मान नाकारण्याचे कारण नाही.

११/ आक्षेप खेळावर नसून आपल्या आळसावर आहे. जपानी माणसाने आपले हरवलेले गाव नियमांत बांधून जगाला विकले. ज्या तालुक्यात ताण देण्याचे शास्त्र, गवळाऊची वंशावळ आणि लिव्हरपूलपर्यंत पोचलेल्या कापसाची कथा आहे, त्याने आपल्या शेतीचे नियम अजून कागदावरही उतरवलेले नाहीत. खेळ करायला भांडवल आणि संगणकतज्ज्ञ लागतात. नियम गोळा करायला वही पुरते.

१२/ साधने हाताशी आहेत: जुने बंदोबस्त अहवाल, वर्धा जिल्ह्याचे गॅझेटिअर, सातबारा, बागाईतदारांच्या खर्डेवह्या, आणि मृगाचे नक्षत्र पाहून पेरणी ठरवणारी अजून हयात असलेली माणसे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून ज्ञान मिळवण्याची 'नई तालीम' मांडली गेली. त्या जिल्ह्यातल्या तरुणांना श्रमाचा इतिहास परक्याकडून शिकावा लागू नये.

१३/ नोबिताचे शेत अवश्य खेळावे. पण खेळ संपल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारावा: 'आपल्या शेतातला माल पेटीत टाकल्यावर भाव कोण ठरवत होते?' त्या उत्तरापाशी खेळ संपतो आणि इतिहास सुरू होतो.

(समाप्त)