टेबलामागचा माणूस

मला चित्रपटातलं काही कळतं, असा आमच्या घरात कुणाचाही समज नाही. ज्या चित्रपटात गाणं नाही, मारामारी नाही आणि शेवटी कुणाचंच काही होत नाही तो मला हमखास आवडतो, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. हे सर्वस्वी खोटं आहे असं मलाही छातीठोकपणे सांगता येत नाही. वर्षभर मी या जागेवरून आपणांस परक्या मुलखातले चित्रपट पाहायला सांगून छळीत असतोच. तेव्हा निदान दिवाळीत तरी चकलीच्या ताटाशी ते इराणी नि जपानी पाहुणे आणून बसवू नका, असा यंदा घरातून सज्जड दम मिळाला आहे. तरी एका इटालियनाला मी आणणार आहे. त्याचं मी देणं लागतो.

१९७६ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो. लग्न व्हायचं होतं, आणि रविवारी फिल्म सोसायटीच्या खेळाला जायला कुणाची परवानगी लागत नसे. अशाच एका रविवारी, शाळेच्या हॉलमध्ये, कुरकुरणाऱ्या लाकडी खुर्चीवर बसून मी व्हित्तोरिओ डी सिकाचा १९४८ सालचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ पाहिला. रोममधला बेकार आंतोनिओ. त्याला भिंतींवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी मिळते, पण स्वतःची सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली. बायको पलंगावरच्या चादरी ओढून काढते, त्या गहाण टाकते आणि सायकल सोडवून आणते. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. पुढं बाप नि त्याचा चिमुरडा रोमभर ती शोधीत हिंडतात. एवढीच गोष्ट!

या भूमिकेत कॅरी ग्रँटला घेतलंत तर पैसे देतो, असं एक अमेरिकन निर्माता म्हणत होता. डी सिकानं ते नाकारलं आणि कारखान्यातला एक खराखुरा कामगार उभा केला. सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनला हा चित्रपट पाहिला आणि आपला चित्रपट कसा काढायचा हे त्यांचं तिथंच ठरलं. आमचं एवढं काही ठरलं नाही. आम्ही नुसते रडलो. शेवटी तो बापच दुसऱ्याची सायकल उचलतो, पकडला जातो आणि पोराच्या देखत लोकांच्या टपल्या खातो, तेव्हा माझ्या रुमालाचं पार पोतेरं झालं. आपण फार सहृदय आहोत, अशी खात्री बाळगून मी त्या रात्री घरी गेलो.

त्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर एक माणूस आला. हातात गळकी छत्री. त्याचं रेशनकार्ड हरवलं होतं. मी सांगितलं, पोलिसांतल्या तक्रारीचा दाखला आणा. तो आणला. मग अर्ज चुकीचा निघाला. मग साहेब रजेवर. चौथ्या खेपेला तो जरा मोठ्यानं बोलू लागला, तेव्हा पलीकडच्या टेबलावरून विचारणा झाली, “काय झालं हो?” मी म्हणालो, “काही नाही, रेशनकार्ड.”

माझं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. नियम माझे नव्हते. पुढं एकोणचाळीस वर्षं हा प्रसंग मनाच्या कुठल्याशा फायलीत पडून राहिला.

ती फाईल बाहेर काढली एका मराठी पोरानं. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ २०१४ साली व्हेनिसला बक्षिसं घेऊन आला आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये इथं लागला. ‘बक्षीसवाला आहे ना, मग झोपेची सोय झाली,’ असं म्हणत सौभाग्यवतीही आल्या. एका लोकशाहिरावर खटला चाललेला असतो: त्याचं गाणं ऐकून म्हणे एका गटारसफाई कामगारानं आत्महत्या केली! कॅमेरा कुणाच्या अंगावर धावून जात नाही. कोर्टाच्या बाकावर तारखेची वाट बघणाऱ्या माणसासारखा तो एका जागी बसून राहतो. आमच्या शेजारचे एक गृहस्थ मध्यंतराला जे गेले ते परतलेच नाहीत.

पण ती सरकारी वकीलबाई! गीतांजली कुलकर्णींनी ती अशी केली आहे की आमच्या बिल्डिंगमधलीच वाटावी. कोर्टात कायद्याची कलमं धडाधड वाचते, लोकलमध्ये घरखर्चाच्या गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाकाला लागते. “गुणाची हो बाई!” आमची ही पुटपुटली. मग ते कुटुंब मराठी नाटकाला जातं. नाटकातला बाप मुलीच्या परप्रांतीय मित्राला घराबाहेर घालवतो आणि पडद्यावरचं सगळं थिएटर खदखदून हसतं. आमचंही थिएटर हसलं. हीही हसली, आणि अर्ध्यातच थांबली.

मला मात्र हसूच आलं नाही. बाई दुष्ट नव्हे. एक म्हातारा तुरुंगात खितपत पडतो त्यात तिचा राग नाही, लोभ नाही. हातातलं काम उरकून तिला घरी जायचं आहे. मला माझं टेबल दिसलं, फायलींना बांधायची लाल फीत दिसली, ती छत्री दिसली.

घरी येऊन मी पुन्हा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ लावला. त्यात पोलीस चौकीचा एक प्रसंग आहे. आंतोनिओ तक्रार द्यायला जातो. टेबलामागचा माणूस ती लिहून घेतो, आणि काय आहे म्हणून कुणी विचारल्यावर सांगतो, काही नाही, सायकल. १९७६ साली हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. तळाच्या इंग्रजी ओळी मी भराभर वाचीत होतो, रडायची घाई होती. त्या हॉलमधले आम्ही सगळेच आंतोनिओ होतो. त्या टेबलामागं जाऊन बसायला कुणीच तयार नव्हतं. परक्या देशाच्या गरिबासाठी रडण्याचा एक फायदा असतो: तो सोमवारी आपल्या कचेरीत येत नाही.

मला इटालियन आवडतात, आवडत राहतील. पण हे घरचे, कमी पैशांतले, चार खेळांत उतरणारे चित्रपट मी आता आधी पाहतो. त्यांच्यापुढं तोंड लपवायला जागा नसते.

ही हकीकत मी हिला त्या रात्री प्रथमच सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पांघरूण ओढता ओढता तिनं विचारलं, “अहो, मग मिळालं का त्याला कार्ड?”

मला माहीत नाही. पाचव्यांदा तो आला नाही.