श्यामचे वडील

दिवाळी अंकांतून आईविषयी पुष्कळ लिहिले जाते. वडिलांच्या वाट्याला बहुधा फराळाच्या डब्यातला चुराच येतो! म्हणून यंदा या सदरात वडिलांची आठवण काढावी म्हणतो. आणि तीही 'श्यामची आई'मधल्या.

या पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. त्यांतल्या एकीला तेवढे 'उदार पितृहृदय' असे नाव मिळाले आहे. एरवी श्यामचे वडील ओटीवरून माजघरात आणि माजघरातून ओटीवर असे कडेकडेने वावरतात. पण नीट पाहिले तर पुस्तकाचे सारे दुःख त्यांच्याच सहीने घरात आलेले आहे. कर्ज त्यांचे, सावकार त्यांचा, जप्ती त्यांच्या घरावर. बोलणी मात्र आईला ऐकावी लागतात. अशा माणसाच्या मनात काय चालले असेल?

ते लहान मुलाला कसे कळावे? श्याम मोठेपणी गोष्ट सांगतो, त्यामुळे पुष्कळ गोष्टी तो उलगडूनही सांगतो. पण जिथे उलगडा थांबतो आणि लहानगा श्याम नुसता पाहतो, तिथे वडील खरे दिसतात. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ती भाजी चांगली झाली म्हणून खातात आणि मुलांनाही काही बोलू देत नाहीत. दिवाळी येते, तेव्हा वडिलांचे धोतर फाटलेले असते. आई भाऊबीजेच्या पैशांतून त्यांना नवे धोतर आणते. 'मी अपराधी आहे' असे वडिलांना सांगावे लागत नाही. ज्याने घराला काही देता येईना म्हणून स्वतःसाठी काही मागणेच सोडले, त्याचे फाटके धोतर पुरेसे बोलते.

ही दृष्टी साने गुरुजींना कोठून आली? गोष्ट कोकणातली खरी, पण लिहिणारा हात खानदेशात तयार झाला. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयातल्या मुलांचे त्यांनी आईबापांसारखे केले. १९३० साली नोकरी सोडून ते चळवळीत गेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने त्यांनी उतरवून घेतली आणि १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. अविवाहित राहूनही परक्यांच्या मुलांसाठी जागलेल्या माणसाने ही गोष्ट सांगितली आहे. म्हणूनच मला वाटते, त्यात वडिलांवर खटला नाही.

खटला पाहायचा असेल तर तीस वर्षांनी आलेली 'कोसला' उघडावी. जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ सालची. तिचा नायक पांडुरंग पंचविशीत आपले लहानपण सांगतो आणि वडिलांना सहजासहजी माफ करत नाही. गंमत अशी, की आपल्या शिक्षणापायी वडिलांचा किती पैसा गेला तेही तोच सांगतो! इथे अपराधाचे ओझे मुलाच्या डोक्यावर आहे. त्या वडिलांचे मन आपल्याला कळत नाही, कारण सांगणारा तिकडे फारसे पाहतच नाही. बापाच्या वयाचा वाचक मात्र ते पान उलटताना थोडा थबकतो.

श्यामच्या घरी पैसा नव्हता, पांडुरंगाच्या घरी होता. पण एका मुलाला वडिलांची अडचण दिसली; दुसऱ्याला त्यांचा धाकच दिसला. अडचण लपवली की बाप मोठा दिसतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. "मला काय करायचेत नवे कपडे?" हे वाक्य दर दिवाळीला किती घरांत उच्चारले जाते! मुले ते ऐकतात आणि काही बोलत नाहीत. पुढे एखादे मूल ते सांगू लागते, तेव्हा ते श्यामसारखे सांगेल की पांडुरंगासारखे, हे आजच घरात ठरत असते.

या दिवाळीत 'आनंदाची दिवाळी' ही रात्र वडिलांनी स्वतः मुलांना वाचून दाखवावी. मध्येच आवाज कापला तर कापू द्यावा. मुलांना निम्मे तर आधीच ठाऊक असते.