घाईत मागे राहिलेली मॉली

हॉवर्ड हॉक्सचा ‘हिज गर्ल फ्रायडे’ हा १९४० सालचा विनोदी चित्रपट आज पाहणाऱ्यांमध्ये दोन तट पडतात. एकमेकांची वाक्यं तोडत बोलणाऱ्या कॅरी ग्रँट आणि रोझालिंड रसेल यांच्या तल्लख संवादांवर एक तट फिदा असतो. दुसऱ्याला तो वेग दमवतो आणि चित्रपट निर्दय वाटतो. खिडकीखाली एका माणसासाठी फाशीचा खांब उभा राहत असताना हसायचं कसं, हा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच, की हे टोचावं म्हणूनच चित्रपट असा रचलेला आहे, आणि ज्यांना तो टोचतो त्यांनीच तो नीट पाहिलेला आहे.

त्याचा आधार ‘द फ्रंट पेज’ हे १९२८ सालचं नाटक. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर हे त्याचे दोन्ही लेखक शिकागोत बातमीदारी केलेले, त्यामुळे धंद्याची लाज त्यांना आतून ठाऊक होती. नाटकातला बातमीदार हिल्डी जॉन्सन पुरुष आहे. हॉक्सने त्याला स्त्री केलं, शिवाय संपादक वॉल्टर बर्न्सची घटस्फोटित बायको. विमा कंपनीतल्या सालस ब्रूसशी लग्न करून नोकरी सोडायला ती निघाली आहे आणि तिला अडकवण्यासाठी वॉल्टर वाटेल ते करतो. इकडे अर्ल विल्यम्स नावाच्या भांबावलेल्या माणसाला सकाळी फाशी द्यायची आहे, कारण निवडणूक तोंडावर आली आहे आणि महापौराला मतं हवी आहेत. गव्हर्नरची माफी घेऊन आलेल्या माणसालाच तो नोकरीचं आमिष दाखवून परत पाठवू पाहतो. पत्रकार कक्षात पत्ते कुटणाऱ्या बातमीदारांची शेरीफकडे मागणी काय, तर फाशी सातऐवजी पाचला द्या, म्हणजे शहर आवृत्तीत बातमी जाईल. या मागणीवर आपण हसतो, पण ती करणाऱ्या कुणालाही त्यात वावगं काही वाटत नाही.

मॉली मॅलॉयचा प्रसंग तर चित्रपटाचा कणाच आहे. विल्यम्सशी माणुसकीने वागलेल्या या बाईवर बातमीदारांनी हवं ते रचून छापलेलं असतं. कोठडीतून पळून लपलेल्या विल्यम्सवरून त्यांचं लक्ष उडावं म्हणून ती सरळ खिडकीतून खाली उडी टाकते. ती हलतेय, एवढं पाहून सगळे पुढच्या बातमीमागे धावतात. तेवढ्यात आलेला वॉल्टर हिल्डीला विचारतो ते फक्त विल्यम्स कुठे आहे हे. पुढे फोनवरून पान लावताना तो चीनमधल्या भूकंपाची बातमी काढायला सांगतो आणि हिटलरला विनोदाच्या पानावर ढकलतो. युरोपात युद्ध पेटून काही महिनेच झालेले असताना हा चित्रपट पडद्यावर आला होता. आपल्याला ‘चोरी चोरी’तून (१९५६) भेटलेला बातमीदार मूळचा फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मधला (१९३४), त्याच्यासाठी अखेर प्रेम बातमीहून मोठं ठरतं. हॉक्सच्या जगात बातमीपुढे माणूसच उरत नाही.

यावर आक्षेप असा, की एवढ्या घाईत प्रेक्षकही मॉलीला विसरणारच. मग टीका पोचते कुणाला? पण हॉक्सने वेग सगळीकडे सारखा ठेवलेला नाही. हिल्डी कोठडीत विल्यम्सची मुलाखत घेते तेव्हा आवाज खाली येतात, प्रश्न थांबून थांबून विचारले जातात. ती रडणाऱ्या मॉलीला हाताला धरून बाहेर नेते तेव्हा मागे बसलेल्या पुरुषांना क्षणभर बोलणं सुचत नाही. हे संथ क्षण पाहिलेल्याला पुढची घाई निरागस वाटू शकत नाही. शिवाय ती मुलाखत इतकी चांगली उतरते की तिला हिणवणारेही वाचून थक्क होतात. चांगली बातमीदारी कशी असते हे चित्रपटाला पक्कं माहीत आहे.

हिल्डी शेवटी वॉल्टरकडेच परतते, ही तिची हार आहे असं अनेकींना वाटतं. हार आहेच. तो पुढे चालतो, बॅग तिच्या हातात राहते, आणि नायगाऱ्याची मधुचंद्राची सहल ऑल्बनीतल्या संपाच्या बातमीपायी बाजूला पडते. मात्र ब्रूसकडे गेली असती तर तिला आपलं सर्वांत चांगलं कसब टाकावं लागलं असतं. तिला मिळणाऱ्या दोन्ही वाटा तोकड्या आहेत, हे चित्रपट लपवत नाही. एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. विल्यम्सच्या गोळीने मेलेला पोलीस कृष्णवर्णीय आहे, महापौराचा डोळाही त्याच समाजाच्या मतांवर आहे, पण त्या समाजाला चित्रपटात आवाज नाही. ज्या दुर्लक्षावर हॉक्स बोट ठेवतो, तेच इथे त्याच्याकडूनही झालं आहे.

एवढं मान्य करूनही, पत्रकारितेवरचा याहून धारदार विनोदी चित्रपट मला माहीत नाही. प्रताधिकाराचं नूतनीकरण न झाल्याने तो इंटरनेटवर सहज मिळतो. जरूर पाहा, आणि मॉली उडी टाकते तिथे चित्रपट थोडा मागे नेऊन पुन्हा पाहा.