पत्त्यांचा कॅट वर्गात

संभाव्यता शिकवताना आपण नाणी उडवतो आणि मुले कंटाळतात. वर्गात पत्त्यांचा कॅट आणावा, असे माझे मत आहे. काही गुरुजन नाक मुरडतील, पण आमच्या सिंधुदुर्गात, सावंतवाडीला, दशावतारी गंजिफा (दहा रंग, १२० पाने!) आजही हाताने रंगवतात. तेथे तरी पत्त्यांचे इतके भय नसावे.

ब्रिजचा डाव घ्या. तुम्ही व जोडीदार मिळून बदामची ११ पाने आहेत. बाहेर फक्त राजा आणि दुर्री. जोडीदाराच्या उघड्या पानांत एक्का व राणी. तुम्ही बदाम खेळलात, डावीकडच्याने दुर्री टाकली. आता राणी लावावी की एक्का? मालवणला वर्गात विचारले, तर बहुतेक म्हणाले, "काहीही लावा, सर. निम्मे-निम्मेच!"

तसे नाही. वाटताना प्रत्येकाला १३ पाने मिळाली. डावीकडची एक जागा दुर्रीने अडवली. राजासाठी तेथे १२ जागा उरल्या, उजवीकडे १३. म्हणजे २५ पैकी १३, ५२ टक्के. बोलीतून वेगळा सुगावा नसेल, तर एक्का लावावा.

चार पाने बाहेर असली, की ती २-२ असणार असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात ३-१ ची शक्यता सुमारे ५० टक्के, २-२ ची ४१. एकटे पडणारे पान चारांपैकी कोणतेही, दोघांपैकी कोणाहीकडे असते. असे ८ प्रकार. २-२ चे ६च.

एकाचा एक्का फुकट गेला. "गणित चुकले," तो म्हणाला. त्याने शंभर डाव वाटून पाहिले असते, तरी ५२ आणि ५० मधला फरक दिसला नसता. त्याला हजारो डाव लागतात. वहीत मात्र एकच अपूर्णांक.