म्हाताऱ्या माणसांची झोप

आमच्या ओळखीच्या एका आजींना रात्र रात्र झोप नसायची. "वय झाले, आता कसली झोप!" म्हणून घरच्यांनी सोडून दिले. आजींनी शेजारणीकडची झोपेची गोळी घेतली. पहाटे लघवीला उठल्या, तोल गेला आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात तपासल्यावर कळले, साखर वाढली होती. म्हणून रात्रीतून पाच वेळा उठावे लागत होते. गोळी चुकीच्या दुखण्यावर घेतली गेली.

वाचक बंधू-भगिनींनो, वयोमानाने गाढ झोप कमी होते, मधूनमधून जाग येते, पहाटे लवकर डोळा उघडतो, हे खरे. पण झोपेची गरज संपत नाही. पासष्टीनंतरही ७ ते ८ तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. ती नसेल तर चिडचिड, विसराळूपणा वाढतो, पडण्याची भीती वाढते.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने २०१७-१८ साली देशभरातील ४५ वर्षांवरील माणसे व त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात झोपेबद्दलही विचारले होते. या माहितीवर पुढे झालेल्या अभ्यासांत झोपेची तक्रार आणि मनाची उदासी जोडीने आढळली. झोप नाही म्हणून मन खचते आणि मन खचले म्हणून झोप येत नाही.

आपल्या ब्राह्मणपुरी-शहादा भागातल्या किती तरी म्हाताऱ्यांचे आयुष्य रात्रीची वीज आली की पिकाला पाणी द्यायला धावण्यात गेले. कुणी गिरणीत रात्रपाळ्या केल्या. ज्यांनी आपली झोप मोडून आपल्याला वाढवले, त्यांची झोप हा घराचाच प्रश्न आहे.

करायचे काय? आधी विचारा, झोप कशाने मोडते? गुडघे, खोकला, लघवी की काळजी? सरकारी दवाखान्यात साखर व रक्तदाब तपासून घ्या. पुरुषांना वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर प्रोस्टेटची तपासणी करून घ्यावी. मोठ्याने घोरताना श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर तिची वेळ त्यांनाच विचारा. संध्याकाळनंतर चहा, तंबाखू, मिश्री टाळावी. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची पुरे. सकाळी उन्हात थोडे चालावे. रात्री मोरीकडे जायच्या वाटेवर बारीक दिवा ठेवा. टीव्हीचा आवाज कमी करा. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर आईजवळ, बाबांजवळ दहा मिनिटे बसा आणि विचारा, "काल झोप लागली का?"