निर्यातीच्या कर्जात कष्टकऱ्याचा वाटा कुठे?

जागतिक व्यापारात ज्याचा माल चांगला आणि स्वस्त, तोच जिंकतो, असे आपल्याला सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. विमाने, रेल्वे इंजिने, वीजकेंद्रे कोणीही रोखीने विकत घेत नाही. खरेदीदाराला स्वस्त कर्ज कोणाचे सरकार मिळवून देते, यावर असे अनेक सौदे ठरतात. खुल्या बाजाराचा उपदेश जगाला करणाऱ्या अमेरिकेने यासाठी १९३४ सालीच सरकारी एक्झिम बँक काढली. चीनने १९९४ साली काढली. भारताची एक्झिम बँक १९८१ च्या कायद्याने स्थापन झाली.

या लढाईचे नियम कोणी लिहिले? १९७८ साली श्रीमंत देशांनी ओईसीडी या आपल्या संघटनेच्या छत्राखाली निर्यात कर्जाचे व्याज आणि मुदत यांबाबत आपसात समझोता केला. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या सबसिडीविषयक करारात निर्यात सबसिडीवर बंदी आली. पण त्याच कराराच्या पहिल्या परिशिष्टात, 'के' कलमात, एक पळवाट ठेवली गेली. त्या समझोत्याचे व्याजदराचे नियम पाळून दिलेले कर्ज प्रतिबंधित सबसिडी मानले जाणार नाही! समझोत्याचे नावही तिथे घेतलेले नाही. नियम श्रीमंतांच्या बैठकीत ठरणार आणि कायदा मात्र सर्वांना लागू होणार, असा हा न्याय आहे.

ब्राझीलने त्याचा अनुभव घेतला. एम्ब्राएर कंपनीची विमाने घेणाऱ्यांच्या व्याजाचा काही भार ब्राझील सरकार उचलत असे. आमच्या देशाला कर्जच महाग मिळते, ती तफावत आम्ही भरून काढतो, हा त्याचा युक्तिवाद होता. १९९९ साली तो फेटाळला गेला. पण तक्रारदार कॅनडाही धुतल्या तांदळासारखा नव्हता. बॉम्बार्डिअरची विमाने खपवण्यासाठी त्याने दिलेले स्वस्त कर्जही २००२ साली बेकायदा ठरले.

म्हणजे सगळेच देश हे हत्यार वापरतात. भारतानेही ते जरूर वापरावे. परंतु त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. बाबासाहेबांनी १९२३ सालच्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात घसरत्या रुपयामुळे वाढलेल्या निर्यातीची हीच चिकित्सा केली आहे. भाव वाढतात पण मजुरी त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून निर्यातदाराचा तो नफा परदेशातून येत नाही, तर देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो, हे त्यांनी दाखवून दिले. व्याजाच्या सवलतीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लादले. त्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २५,०६० कोटी रुपयांचे निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केले. व्याज सवलत आणि तारणासाठी साहाय्य त्यात आहे. प्राधान्याच्या उद्योगांत कापड आणि चामडे आहे. चामड्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या हातांनी केला, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्या हातांनी कातडे कमावले, त्या हातांकडे बँकेत ठेवायला तारण नाही. निर्यातीचा परवाना मात्र व्यापाऱ्याच्या नावावर!

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सवलतीचे कर्ज कोणाला मिळाले, त्याची यादी जाहीर करा. छोट्या कारागिरांसाठी आणि त्यांच्या सहकारी संस्थांसाठी ठराविक हिस्सा राखून ठेवा. किमान वेतन न देणाऱ्या कारखान्याची सवलत बंद करा. कर्ज बुडाले तर ते जनतेच्या पैशातून भरले जाते. जोखीम जनतेची असेल, तर नफ्यातही जनतेचा वाटा असलाच पाहिजे. हा हिशेब मागणे ही भीक नव्हे, तो आपला हक्क आहे.