जुना मोबाइल : भाव पाहण्याआधी बिल पाहा

आज व्यापार म्हटला की मोबाइल आलाच. कोल्हापुरात भाजी विकणारा बागवान असो, शिवणकाम करणारा कारागीर असो की गांधीनगरातून माल उचलून खेडोपाडी फिरणारा कापडवाला असो, प्रत्येकाचा धंदा या लहानशा यंत्रावर येऊन बसला आहे. मालाचे नमुने व्हॉट्सॲपवर येतात, ऑर्डर तिथेच ठरते आणि २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून पैसेही त्यातूनच येतात-जातात. पूर्वी गल्ला, वही आणि टेलिफोन या तीन निरनिराळ्या वस्तू होत्या. आता तिन्ही एकाच खिशात मावतात.

पण हे यंत्र स्वस्त नाही. त्यावर १ एप्रिल २०२० पासून जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. सबब लहान कारागीर व नवा धंदा सुरू करणारी मुले जुन्या मोबाइलकडे वळतात. त्यात काही गैर नाही. जुनी शिलाई मशीन, जुना माग, जुनी मोटारसायकल घेऊनच आपल्यातील अनेकांचे धंदे उभे राहिले आहेत. मात्र अलीकडे ही खरेदी दुकानात न होता ऑनलाइन होऊ लागली आहे. फोटो पाहायचा, पैसे पाठवायचे आणि कुरिअरची वाट पाहायची. या पद्धतीत कोणते धोके आहेत, याचा विचार व्यापारी बांधवांनी करणे आवश्यक आहे, असे आम्हास वाटते.

हात लावल्याशिवाय सौदा

आम्ही कापडवाले. थान उलगडल्याशिवाय, उजेडात धरल्याशिवाय आणि बोटांत चुरगाळून पाहिल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. कापडाच्या धंद्यात फ्रेश माल वेगळा आणि सेकंड माल वेगळा. सेकंड माल कमी भावात जातो, पण सेकंड म्हणूनच जातो. पुराच्या पाण्यात भिजलेले कापड कितीही धुतले तरी डाग आणि वास सांगून टाकतातच. कोल्हापूरने २०१९ चा आणि २०२१ चा महापूर पाहिला आहे, त्यामुळे ही गोष्ट येथील कोणत्याही दुकानदाराला समजावून सांगावी लागत नाही.

मोबाइलचे तसे नाही. पाण्यात पडलेला मोबाइल उघडून, वाळवून, वरून नवी काच बसवली की फोटोत तो नव्यासारखा दिसतो. मूळ बॅटरी काढून हलकी बॅटरी घातली तर वरून काहीच कळत नाही. जाहिरातीत 'उत्तम स्थिती', 'नव्यासारखा', 'रिफर्बिश्ड' असे शब्द असतात, पण प्रत्येक विक्रेता त्यांचा अर्थ आपल्या सोयीने लावतो. कोणी खरोखर तपासून, खराब भाग बदलून माल देतो, तर कोणी नुसते पुसून खोक्यात भरतो. शब्द एकच आणि माल दोन प्रकारचा, अशी ही स्थिती आहे.

सर्वांत मोठा धोका : चोरीचा माल

बॅटरी खराब निघाली तर हजार-दोन हजारांचे नुकसान होईल. पण मोबाइल चोरीचा निघाला तर संपूर्ण रक्कम जाते आणि पोलीस ठाण्याची पायरीही चढावी लागते.

प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. हरवलेल्या किंवा चोरीस गेलेल्या मोबाइलचा क्रमांक नोंदवून तो बंद करण्यासाठी केंद्र सरकारने सीईआयआर ही व्यवस्था उभारली. सप्टेंबर २०१९ मध्ये ती प्रथम मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या नावाखाली देशभर लागू झाली. मूळ मालकाने तक्रार केली की तो मोबाइल सर्व कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद करता येतो आणि त्यात कोणी सिमकार्ड घातले तर त्याचा माग पोलिसांपर्यंत पोहोचतो. पोलिसांनी शोधलेले मोबाइल मूळ मालकांना परत दिल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्या वाचून आनंद होतो. पण त्यातील काही मोबाइल कोणीतरी पैसे मोजून घेतलेले असणार, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका तरुण टेलरच्या बाबतीत असेच घडले. त्याने ऑनलाइन जाहिरात पाहून जुना मोबाइल घेतला. बिल मागितले तेव्हा 'हरवले आहे' असे उत्तर मिळाले. दोन महिन्यांनी परजिल्ह्यातील पोलिसांचा फोन आला. मोबाइल जमा करावा लागला, विक्रेत्याचा नंबर बंद होता. पैसे तर गेलेच, पण लग्नसराईच्या तोंडावर गिऱ्हाइकांची मापे, नंबर आणि येणे-बाकी असा सगळा हिशोब त्या मोबाइलबरोबर गेला. मोबाइलच्या किमतीपेक्षा हे नुकसान मोठे होते.

'मी तर पैसे देऊन घेतला' हा बचाव येथे पुरत नाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे साधे तत्त्व असे की, विकणाऱ्याची जी मालकीच नाही ती तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून चोरीच्या मालाची पूर्ण किंमत मोजली तरी घेणारा मालक होत नाही. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून किंवा तसे मानण्यास कारण असून तो अप्रामाणिकपणे घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पंचवीस हजारांची वस्तू कोणी आठ हजारांत, बिलाशिवाय देत असेल, तर संशय यायला हवा होता असे पोलीस म्हणणारच.

तपासण्याची सोय प्रत्येकाच्या हातात आहे. मोबाइलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबली की आयएमईआय क्रमांक दिसतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवावा किंवा संचार साथीच्या ॲपवर पाहावे. उत्तरात क्रमांक काळ्या यादीत, बनावट किंवा आधीच वापरात असल्याचे आले तर तो मोबाइल घेऊ नये. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून हा क्रमांक मागावा. प्रामाणिक विक्रेता तो देतो. जो टाळाटाळ करतो त्याच्याशी सौदाच करू नये.

कुलूपबंद मोबाइल

दुसरा धोका कुलपाचा. आजच्या मोबाइलमध्ये पहिल्या मालकाचे गुगल किंवा ॲपल खाते जोडलेले असते. त्याने ते काढले नाही तर मोबाइल पुसून नव्याने सुरू केल्यावरही तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो. तो मिळाला नाही तर ती केवळ काचेची एक पट्टी उरते.

तसेच हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचे. अनेक मोबाइल कर्जावर विकले जातात आणि त्यात कर्ज देणाऱ्याने कुलूप बसवलेले असते. पहिल्या मालकाने चार हप्ते भरून मोबाइल विकला आणि पुढचे बुडवले, तर तो मोबाइल नव्या मालकाच्या हातात बंद पडतो. कर्ज त्याचे आणि भोग याचे! म्हणून बिल पाहताना मोबाइल रोखीने घेतला होता की हप्त्यावर, हे विचारावे आणि हप्त्यावर असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला पाहावा.

तिसरी गोष्ट वयाची. मोबाइल दिसायला चांगला असला तरी कंपनी त्याला सुरक्षा अपडेट देणे ठराविक वर्षांनी थांबवते. २०२५ मध्ये व्हॉट्सॲपनेही काही जुन्या आयफोन व अँड्रॉइड मोबाइलवर चालणे बंद केले. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करायचे, ते अपडेट बंद झालेले घेणे म्हणजे दुकानाला जुने, गंजलेले कुलूप लावण्यासारखे आहे.

आगाऊ पैशाची फसवणूक

काही ठिकाणी तर मोबाइलच नसतो, फक्त फोटो असतो. 'मी लष्करात आहे, बदली झाली म्हणून स्वस्तात विकतो' असे सांगून ओळखपत्राचा फोटो पाठवायचा आणि कुरिअरच्या नावाखाली थोडे थोडे पैसे मागत राहायचे, हा प्रकार देशभर गाजलेला आहे. जुना मोबाइल विकणाऱ्यालाही असेच फसवतात. 'पैसे घेण्यासाठी हा कोड स्कॅन करा' असे सांगितले जाते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन फक्त देताना लागतो, एवढे घरातील लहानथोरांनी पाठ करून ठेवावे. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

कायदा काय देतो ?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव जाहीर करणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात तिचा निकाल लावणे बंधनकारक आहे. माल सदोष निघाला किंवा जाहिरातीप्रमाणे नसला तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. दाद न मिळाल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे, म्हणजे कोल्हापूरच्या माणसाला दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

पण दोन बाबी लक्षात ठेवाव्यात. एक, पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी वस्तू घेणाऱ्या कारागिराला मात्र संरक्षण आहे. दोन, ॲपवर जाहिरात देऊन एखाद्या खासगी माणसाने आपला मोबाइल विकला, तर तो व्यापारी नसल्याने त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागणे कठीण जाते. कायद्याचा आधार बिलामागे उभा राहतो. जिथे बिल नाही तिथे तोही लंगडा पडतो.

आपल्या दुकानदारांसाठी

राजारामपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत मोबाइल विक्री व दुरुस्तीची दुकाने आहेत आणि आपली कितीतरी होतकरू मुले या कामात आहेत. त्यांच्याशी आम्हास थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

आयएमईआय क्रमांक बदलून देणे हा 'किरकोळ सॉफ्टवेअरचा जॉब' नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. २०२० साली मेरठमध्ये एकाच आयएमईआय क्रमांकावर तेरा हजारांहून अधिक मोबाइल चालू असल्याचे उघडकीस आले, तेव्हापासून यंत्रणा अधिक सावध आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांत दुरुस्ती झाली. जुन्या मोबाइलचा व्यापार करणाऱ्याने व्यवहारापूर्वी आयएमईआय क्रमांक सरकारी यादीत तपासावा, अशी तरतूद तीत आली आहे. पाचशे रुपयांच्या कामासाठी तरुण मुलाने आयुष्य पणाला लावावे, असा हा सौदा नाही.

कराचे भयही बाळगू नये. जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने खरेदीवर कर-परतावा घेतला नसेल, तर त्याला केवळ नफ्यावर कर भरावा लागतो. आठ हजारांना घेतलेला मोबाइल साडेनऊ हजारांना विकला तर कर दीड हजारांवर, म्हणजे १८ टक्क्यांनी २७० रुपये होतो. एवढ्यासाठी बिल न देणे परवडणारे नाही.

आमचे मत असे की, ऑनलाइन बाजाराला उत्तर देण्याची ही उत्तम संधी आहे. दुकानदारांनी विकणाऱ्याचे नाव, पत्ता व ओळखपत्राची प्रत यांची वही ठेवावी. प्रत्येक बिलावर आयएमईआय क्रमांक लिहावा. बॅटरी बदलली असेल, काच मूळची नसेल, पाणी गेले असेल, तर तेही बिलावर नमूद करावे. किमान एक महिन्याची हमी द्यावी. गिऱ्हाईक दोन-पाचशे रुपये जास्त देईल, पण तुमच्याकडेच येईल. ऐब सांगून विकलेल्या मालात नफा थोडा असला तरी बरकत असते, ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण याच धंद्यासाठी सांगितली असावी इतकी ती येथे लागू पडते.

खरेदी करणाऱ्या बांधवांनीही आपली सवय बदलावी. शक्यतो माल हातात घेऊन, समोर सिम घालून, बोलून, चार्ज करून, कॅमेरा चालवून पाहावा. ऑनलाइनच घ्यायचा तर लेखी हमी व परतीची मुदत देणाऱ्याकडूनच घ्यावा आणि पार्सल उघडतानाचे चित्रीकरण ठेवावे. स्वतःचा जुना मोबाइल विकताना खाती काढून सर्व माहिती पुसावी आणि सिम व मेमरी कार्ड आठवणीने काढावे. त्यात गिऱ्हाइकांचे नंबर व घरच्यांचे फोटो असतात. ती अमानत आहे.

गरजवंताला स्वस्त माल हवाच असतो आणि त्याची ही गरज थट्टेचा विषय नाही. म्हणूनच ज्याच्या गाठीला नऊ-दहा हजारच आहेत त्याने दहा वेळा तपासावे. श्रीमंताचा मोबाइल बुडाला तर तो दुसरा घेतो, पण कारागिराचा बुडाला तर त्याचा महिना बुडतो.